लेकुरवाळीची हंडी

सीनेच्या काठी देवसावळी म्हणून एक लहानसं गाव आहे. गावाच्या उत्तर अंगाला, कुंभारआळीच्या तोंडाशी एक जुनी चिंच होती आणि त्या चिंचेखाली खापरबाबा महाराज अकरा वर्षं राहिले. एक लंगोटी, एक घोंगडी आणि फुटक्या घागरीचं एक खापर, एवढाच महाराजांचा संसार. त्या खापरात जे पडेल ते महाराज खात, म्हणून लोक त्यांना खापरबाबा म्हणू लागले. खरं नाव कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी महाराजांनी सांगितलं असतं असं मला वाटत नाही. तर श्रोतेहो, त्या महाराजांचं स्मरण करून आज एका हंडीची गोष्ट ऐकायची आहे. आयाबायांनी जरा पुढे सरकून बसावं, कारण गोष्ट पोरांच्या जेवणाची आहे.

त्याच आळीत सगुणा कुंभारीण राहत होती. नवरा येसू चाकावर मडकी घडवी, सगुणा माती तुडवी, भट्टी लावी. लग्नाला वीस वर्षं झाली, पण तिची कूस काही उजवली नाही. गावातल्या शहाण्या बायका सकाळी तिचं तोंड चुकवून पाण्याला जात. आणि गंमत बघा, संक्रांतीला ज्या सुगडांत या बायका गाजर, बोरं, हरभरा भरून एकमेकींना वाण देत, ती सुगडं सगुणेच्याच हातची असत. सुगड चालत होतं, देणारी चालत नव्हती. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

एकदा महाराजांच्या खापरात भाकरी वाढता वाढता सगुणेला रडू आलं. महाराज म्हणाले, "सगुणे, एक मोठी हंडी घड. तुझ्या अंगणात लेकरं येतील." बिचारीला वाटलं, देवाने ऐकलं. तिने आपल्या हातांनी दोन घागरींएवढी हंडी घडवली, भाजली, शेंदूर लावून ठेवली. एक वर्ष गेलं, दोन गेली. पाळणा हलला नाही. मग भोगीचा सण आला तेव्हा, हंडी नुसती रिकामी ठेवायची नाही म्हणून, तिने तीत भोगीची भाजी शिजवली.

भोगीची भाजी तुम्हाला ठाऊकच आहे. गाजर, वांगं, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, उसाची पेरं, वर तिळाचं कूट. एका हंडीत इतकी सगळी नांदतात म्हणून आपल्याकडे तिला लेकुरवाळी म्हणतात. सगुणेच्या घरी मळा नव्हता. तिने आळीतल्या पोरांना सांगितलं, ज्याने त्याने आपल्याला आवडेल ते एक काहीतरी आणायचं, पण आपल्या हाताने खुडून आणायचं. पोरं धावली. ज्याने गाजर टाकलं तो गाजराचा बाप, जिने घेवडा टाकला ती घेवड्याची आई. आणि जेवायला बसल्यावर नियम असा, की आपलं लेकरू आपण खायचं नाही, ते दुसऱ्याला खाऊ घालायचं आणि दुसऱ्याचं आपण खायचं.

मायबापहो, घरी वांगं बघून नाक मुरडणारी पोरं तिथे वांग्यासाठी भांडू लागली. तिळाच्या भाकऱ्या दोन दोन संपवू लागली. सगुणेने कुणाला कधी 'खा' म्हणून सांगितलं नाही. पुढे भोगीच कशाला, दर सोमवारी हंडी चढू लागली. कधी अंबाडी, कधी चाकवत, कधी शेवग्याच्या शेंगा. पोरं अंगाने भरली, खोकला-पडसं पळालं. महाराज चिंचेखाली बसून पोरांचा गलका ऐकत आणि गालात हसत.

आता दुसरं घर बघा. गावच्या पाटलीणबाई कमळजाबाई. पाचसहा नवस झाल्यावर त्यांना एक मुलगी झाली, तिचं नाव मैना. नवसाची पोर म्हणून तिला कशाला म्हणून नाही म्हणायचं नाही असा घरात दंडक. सकाळी पेढा, दुपारी साखरभात, संध्याकाळी दुधात जिलबी. भाजी म्हणजे गोरगरिबांचं खाणं, असं पाटलीणबाई चारचौघींत बोलून दाखवत. पोर सहा वर्षांची झाली तेव्हा तिचे दात किडले होते, पाय काटकुळे झाले होते आणि दहा पावलं चालली की तिला धाप लागे. वैद्याने साखर बंद करून बाजरी, डाळी, पालेभाज्या द्यायला सांगितलं. झालं, पाटलीणबाईंनी दुसरं टोक गाठलं. घरातल्या दोघीजणी हात धरत, एक पाय धरी आणि पाटलीणबाई तोंडात घास कोंबत. पोरीने दात आवळले. आत गेलेला घासही बाहेर येऊ लागला. महाराजांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी निरोप धाडला, की अन्न पाहुणा आहे, त्याला दारात आदराने बोलवावं, मानगूट धरून आत ढकलू नये. पाटलीणबाई त्यावर म्हणाल्या, "मागून खाणाऱ्याने मला पाहुणचार शिकवू नये."

भोगीला आठ दिवस राहिले असताना मैना आईला म्हणाली, मला सगुणामावशीच्या हंडीत लेकरू टाकायचंय. परसात पावट्याचा वेल होता, त्याच्या शेंगा तिने हेरून ठेवल्या होत्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच पोरीने खाण्याची गोष्ट आपणहून काढली होती हो! पण पाटलीणबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. त्यांनी चावडीवरून सगळ्या गावाला ताकीद दिली, की भोगीला एकही पोर कुंभाराच्या अंगणात जाता कामा नये. "जिला स्वतःला मूल नाही तिने लेकुरवाळी रांधावी आणि आमच्या लेकरांनी ती खावी? नजर लागून पोरं वाळतील," असं त्या म्हणाल्या. त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. आणि त्या दिवसापासून मैनेने खाणंच सोडलं. पेढाही नको, भातही नको. पाण्याच्या घोटावर पोर राहिली, मग पाणीही नको म्हणू लागली. भोगीच्या सकाळी वैद्याने नाडी पाहिली, हात सोडला आणि पाटलांना बाजूला घेऊन सांगितलं, आज पोटात अन्न गेलं तरच काही आशा आहे.

इकडे सगुणेचं अंगण ओस पडलं होतं. तिने सडा घातला होता, चूल मांडली होती, भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. कुणी आलं नाही. एवढ्यात महाराज खापर घेऊन आले आणि चाकाशेजारच्या मातीच्या ढिगावर बसले. म्हणाले, भूक लागली. सगुणेचा बांध फुटला. हंडीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "महाराज, हंडीत एकही लेकरू नाही."

इतक्या वर्षांचं दुःख त्या एका वाक्यात होतं. महाराज म्हणाले, "फोडणी दे. पाणी घाल. तिळाचं कूट टाक. झाकण ठेव आणि वाट बघ."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नुसत्या पाण्याला कसली फोडणी? सगुणेने विचारलं नाही. तेल तापवलं, जिरं, हिंग, लसूण टाकला, पाणी ओतलं, कूट घातलं. हंडी रटरटू लागली. त्या फोडणीचा वास, श्रोतेहो, कुंभारआळीतून निघाला आणि वारा उलटा असताना पाटलांच्या माजघरात गेला. चार दिवस डोळे न उघडलेल्या मैनेने डोळे उघडले. म्हणाली, "भोगीची भाजी."

पाटलीणबाई धावल्या. त्यांच्याही घरी भाजी केलेली होती, ती चांदीच्या वाटीत घालून आणली. मैनेने तोंड फिरवलं. ती उठली, भिंत धरधरून परसात गेली आणि पावट्याच्या पाच शेंगा तिने आपल्या हाताने तोडल्या. पाटलीणबाईंनी अडवायला तिच्या खांद्यावर हात ठेवला तो हाताला नुसतं हाड लागलं. हात आपोआप मागे आला. पोर दारापर्यंत चालली आणि तिथे तिचे पाय गळाले. मग पाटलीणबाईंनी तिला उचललं आणि ज्या आळीला त्यांचे पाय कधी लागले नव्हते तिकडे त्या निघाल्या. मागोमाग पोरं निघाली, पोरांच्या आया निघाल्या. ताकीद देणारीच पुढे चालली होती, मग अडवणार कोण?

अंगणात आल्यावर पाटलीणबाईंनी झाकण उचलून पाहिलं. आत पाणी आणि तिळाचा तवंग. भीती होती, थकवा होता, तरी ताठा गेला नव्हता. त्या म्हणाल्या, "महाराज, माझी पोर मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही इथे पाणी उकळत बसलात?"

महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मैनेला जवळ घेतलं आणि विचारलं, "काय आणलंस, बाळ?" मैनेने मूठ उघडली. शेंगा सोलायला तिच्या बोटांत जोर नव्हता, तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही. एकेक दाणा तिने हंडीत सोडला. महाराजांनी झाकण ठेवलं, त्यावर आपला हात ठेवला आणि डोळे मिटले.

मग महाराज म्हणाले, "सगुणे, वाढ."

सगुणेने झाकण काढलं आणि तिच्या हातातून पळी पडली. हंडी काठोकाठ भरली होती. गाजरं होती, वांगी होती, घेवडा, सोलाणे, बोरं, उसाची पेरं, आणि मध्ये मैनेचे हिरवे पावटे. ज्यांनी पाहिलं त्यांच्या अंगावर काटा आला. ज्या घरांनी पोरांना कोंडून ठेवलं होतं त्यांच्या मळ्यांतून एक पानही आलं नव्हतं.

पानं मांडली. मैनेला नियम पाठ होता, आळीतल्या पोरींकडून तिने तो ऐकला होता. तिने गाजराचा तुकडा उचलला आणि विचारलं, "हे कुणाचं लेकरू?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. तिने वांगं उचललं, विचारलं, हे कुणाचं? कुणाचंच नव्हतं. सगुणेने महाराजांकडे पाहिलं.

महाराज म्हणाले, "सगळी सगुणेची आहेत."

मैनेने गाजर तोंडात घातलं. सगळं अंगण तिच्या जबड्याकडे बघत होतं. तिने चावलं, गिळलं आणि वांग्याला हात घातला. मग भाकरीचा तुकडा, मग घेवडा. चौथ्या घासाला तिला काहीतरी आठवलं. पानातला पावट्याचा दाणा चिमटीत धरून तिने आईपुढे केला. "आई, हे माझं लेकरू. मला नाही खाता येत. तू खा."

कमळजाबाई उभ्याच होत्या. ज्या हंडीला त्यांनी गावबंदी केली होती तिच्यातला घास त्यांच्या पोरीच्या हातात होता. त्या खाली बसल्या. तोंड उघडलं. तो एक दाणा त्यांनी सावकाश चावला. घास उतरल्यावर त्या महाराजांच्या पायांकडे वळल्या. महाराजांनी पाय मागे घेतले.

"पाटलीणबाई, मी मागून खाणारा माणूस," महाराज म्हणाले. "माझ्यापाशी काय आहे? जिने वाढलं तिच्याकडे जा."

मग देवसावळीच्या पाटलीणबाईंनी, सगळ्या गावादेखत, मातीने भरलेल्या त्या दोन पायांवर डोकं ठेवलं. सगुणा गांगरली, मागे सरकू लागली. पण त्यांनी पाय धरून ठेवले होते आणि त्या हुंदके देत होत्या. तेवढ्यात पानावरून मैनेचा आवाज आला, "मावशी, आणखी भाकरी."

सगुणा खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "पाटलीणबाई, पाय सोडा. पोरीला वाढायचंय."

कमळजाबाईंनी पाय सोडले. सगुणेने मैनेला भाकरी वाढली, मग पोरांच्या रांगेतून फिरली. सगळ्यांत शेवटी महाराजांनी आपलं खापर पुढे केलं. सकाळपासून त्यांनाही भूक लागलेली होती.