चुलीतला दगड

एकदा एका घाटामागच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत होते. त्या खोऱ्यात दर शरदात थंडीचा ताप येई आणि घराघरांतून माणसे घेऊन जाई. वैद्यांची शिष्या त्या तापातच आईला मुकली होती. आईच्या दिवसकार्यानंतर ती वैद्यांच्या दारात येऊन उभी राहिली, ती तिथलीच झाली. मुळ्या कुटायच्या, साली उकळायच्या, कोणाला काय दिले आणि कोण कसे उठले ते लक्षात ठेवायचे. एकच काढा एकाला उठवी आणि दुसऱ्याला नाही. असे का होते, हे वैद्यांनाही उमगत नव्हते.

गावात एक जुनी रीत होती. सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या धान्यातला वाटा सामायिक कोठारात घाली. त्या धान्यावर कोणते काम करायचे, ते देवळापुढच्या पटांगणात ठरे. प्रत्येक घराने आपल्या चुलीच्या तीन दगडांपैकी एक काढून आणायचा आणि हव्या त्या कामाच्या ढिगावर ठेवायचा. जो ढीग मोठा, त्याचे दगड त्या कामाच्या पायात बसत. घरी नवा दगड बसवून चूल सारवेपर्यंत स्वयंपाक होत नसे. सर्वांच्या धान्याविषयी बोलणाऱ्याने आधी आपली चूल विझवावी, असा पूर्वजांचा विचार असावा.

त्या वर्षी दोन ढीग पडले. एक घाटातून गाडीरस्ता करण्याचा, दुसरा वैद्यांच्या औषधशोधाचा.

गावचा व्यापारी पटांगणात उभा राहून म्हणाला, "वैद्यबुवांचा काढा उकळायला लागला तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या. अजून उकळतोच आहे! रस्ता केला तर निदान दिसतो तरी."

लोक हसले. शिष्या तडकली. "शेठ, रस्ता तुमच्या गुळाच्या गाड्यांसाठी हवाय, सरळ सांगा ना!"

"हवाच आहे. मग काय गूळ कावळ्यांच्या पायाला बांधून पाठवू?"

पुन्हा हशा पिकला. शिष्येला रडू आले. वैद्यांनी दगड ठेवला की पुष्कळ घरे त्यांच्यामागे येतील, एवढाच तिला धीर होता. ती धावत घरी आली. चुलीवर नव्या सालीचा काढा मंद आचेवर होता. तो मध्येच उतरवला तर वाया जाणार होता.

"बाबा, आपला दगड उद्या नेला तर नाही चालणार?"

"सभा आज आहे, पोरी." वैद्यांनी भांडे उतरवले, ओल्या फडक्यात तापलेला दगड धरला आणि ते पटांगणात आले. माणसांनी वाट करून दिली. वैद्य औषधाच्या ढिगाजवळून पुढे गेले आणि त्यांनी आपला दगड रस्त्याच्या ढिगावर ठेवला.

व्यापाऱ्याचा हात मिशीवरच राहिला.

घरी परतल्यावर विझलेल्या चुलीपाशी शिष्येचा बांध फुटला. "माझ्या आईसाठी मी इथे आले होते, बाबा. तुम्ही तिचं औषध गुळाच्या गाडीखाली घातलंत."

वैद्य तिच्याजवळ बसले. "मी जन्मभर एकाच गावाचा ताप पाहिला. पलीकडच्या खोऱ्यात तो कसा येतो, कोणाला सोडतो, तिथल्या बायका काय उगाळून देतात, मला ठाऊक नाही. तिथला रोगी घाट चढून इथवर येईपर्यंत जगत नाही. मी आणखी दहा झाडांच्या साली उकळीन, पण न पाहिलेल्या माणसांचं औषध कसं शोधू? रस्ता शेठच्या गाड्यांसाठी असेना का! आपल्यावरून काय जातंय, हे रस्ता कधी विचारत नाही."

तिला ते पटले नाही. तरी तिने नदीवरून नवा दगड आणला आणि चूल सारवली.

रस्ता झाला. पुढच्या शरदात एका सकाळी ती पाणी आणायला घाटाच्या वळणाशी गेली आणि घागर कमरेवर तशीच राहिली. धुक्यातून गाड्या वर येत होत्या. गूळ पोचवून परतणाऱ्या त्या गाड्यांत घोंगड्यात गुंडाळलेले आजारी लोक होते, त्यांच्या उशाशी आया, भाऊ, लेकी. कोणाच्या हातात आपल्या रानातली वेल होती, कोणाच्या पदरात कसल्या तरी बिया. त्यातले बहुतेक कुचकामीच निघणार, हे तिला कळत होते. पण वळणामागून आणखी गाड्या येतच होत्या. एवढी माणसे याच तापाशी झुंजत होती, आणि त्यांच्या खोऱ्यांची नावेसुद्धा तिने ऐकली नव्हती.

त्या गर्दीत वैद्यांना प्रथमच दिसले की तो ताप एक नव्हताच. एकसारखे कापरे भरवणारे ते दोन निराळे ताप होते. एकाला काढा लागू पडत होता. दुसऱ्याचे औषध अजून शोधायचे होते.

सुगीनंतर पुन्हा सभा भरली. शिष्या दगड घेऊन भल्या सकाळी पटांगणात पोहोचली. औषधाच्या ढिगाच्या जागी कोणीतरी तिच्याही आधी एक दगड ठेवून गेले होते. जवळच व्यापारी खांद्यावरचे उपरणे झटकत उभा होता.

"बघतेस काय? माझाच आहे," तो म्हणाला. "गाड्या माझ्या, पण वर येताना निम्म्या तापकऱ्यांनीच भरतात. भाडं मागायला तोंड उघडत नाही. तुझ्या गुरूला सांग, त्या दुसऱ्या तापाचं औषध लवकर शोधा म्हणावं. आणि आता जातो. घरी चूल बंद म्हणून बायको कावली आहे."

शिष्येने आपला दगड खाली ठेवला आणि शेजारच्या काळ्या दगडावर हात टेकवला. तो अजून कोमट होता.

आपण भरलेल्या करातून रस्ता व्हावा की संशोधन, यावर हिरिरीने बोलण्यापूर्वी आपल्यालाही कधी त्या वळणावर जाऊन उभे राहता आले पाहिजे.