दोघांचा डाव

"...आणि घरदार सोडून मी इथं मठातच येऊन पडलो, तर चालेल का बुवा?"

विचारणारे होते भुजंगराव शितोळे, निवृत्त फौजदार. एके काळी यांची फटफटी वेशीत शिरली की बाजार चिडीचूप व्हायचा. आता मठाच्या पायऱ्या चढता चढता गुडघ्यांनी पार बोंब मारली होती. हातालाही कंप. मिशीचा पीळ तेवढा शाबूत!

निरंजनबुवा नव्वदीला टेकलेले, एका डोळ्यानं अधू. शेंगा फोडत बसले होते.

"येऊन करणार काय?"

"पडून राहीन. वरचं बोलावणं येईपर्यंत."

"त्याला मठ कशाला? घरची खाट मोडली की काय?"

फौजदार चिडले. कोटाच्या खिशातून त्यांनी पत्त्यांचा कॅट काढला आणि बुवांपुढं आपटला.

"हा तुमच्या धुनीत टाका. चौघांचा मेंढीकोट असायचा आमचा, रोज संध्याकाळी. कासम तांबोळी गेला. शेवाळे मास्तर गेले. उरलो मी आणि नाना कासार. दोघांत कसला मेंढीकोट?"

"मग नाना काय करतो?"

"त्याच्या ओट्यावर बसतो. मी माझ्या."

"समोरासमोर?"

"समोरासमोर. तोंड उघडलं की गेलेल्यांचाच विषय निघतो. मग बोलतच नाही."

माणूस खरंच एकटा पडला होता हो.

बुवांनी कॅट उचलला. दुर्री काढली, टरफलांत टाकली. तिर्री, चव्वी, पंजी, छक्की... भराभर बाजूला.

"अहो बुवा! चांगली पानं..."

"एवढी लागत नाहीत." दोन सत्त्याही टरफलांत गेल्या. "सात-आठ खेळू. वाटणाऱ्यानं सात हात करायचे, समोरच्यानं आठ. वाट."

"तो तर पोरासोरांचा खेळ!"

"हरायला भितोस होय?"

झालं! फौजदारांनी बाह्या सरसावल्या. थरथरत्या हातातून पानं सांडली, ती गोळा करत करत वाटली. डाव रंगला. मध्येच बुवांचा चांगला डोळा हळूच फौजदारांच्या पानांकडं वळला.

"बुवा! लबाडी! भगवी घालून लबाडी करता?"

"दिसत नाही रे नीट... म्हणून वाकलो."

"एवढं बरोबर माझ्या एक्क्यावरच वाकलात?"

आणि फौजदार हसले. असे हसले की ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, बुवांना उठून पाठ थोपटावी लागली. गुडघ्यांची आठवणही राहिली नव्हती त्यांना.

बुवांनी पिसून पुन्हा वाटायला घेतलं. पाच पानं फौजदारांना, पाच स्वतःला; उरलेली हुकूम बोलल्यावर.

"नानाला जमेल हे," फौजदार पानं लावता लावता म्हणाले. "कानानं ठार बहिरा झालाय, पण पत्त्यात अजून पक्का चोर आहे लेकाचा. आज संध्याकाळीच बसवतो त्याला."

मग त्यांचा हात थांबला. चेहरा उतरला.

"पण बुवा... उद्या नानाही गेला तर?"

बुवांनी शेंगेचा एक दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"बुवा, विचारतोय मी."

"पाच पानं आलीत ना हातात?" बुवा म्हणाले. "हुकूम बोल."