शून्य व्याजाची किंमत

चाळीस वर्षं कऱ्हाडच्या पेठेत भांडी विकून मी एवढं शिकलो, की दुकानदार फुकट म्हणाला की गिऱ्हाइकानं खिशावर हात ठेवावा. पण त्यातली खरी शिकवणी मला आमच्या शेजारच्या इंदुताई खराड्यांनी दिली.

ताई जेवणाचे डबे पुरवतात. एका कारखान्याचं शंभर डब्यांचं काम मिळालं, ते पोचवायला गाडी हवी होती. हप्ता झेपला नाही तर धंदाच बसणार, म्हणून मला सोबत घेऊन त्या शोरूमला गेल्या. तिथं एक छोटी आणि एक मोठी, अशा दोन गाड्या बघितल्या.

मॅनेजर ऐटीत म्हणाला, "मावशी, छोट्या गाडीच्या कर्जाला तीन वर्षांत त्रेचाळीस हजार व्याज पडेल. मोठीला व्याज शून्य. यात विचार कसला करायचा?"

"तेही खरंच," ताई म्हणाल्या. "बरं, मोठी सगळे पैसे रोख देऊन नेली, तर काही सोडाल?"

रोख म्हणताच साहेब खुर्चीत पुढे सरकले. "सत्तर हजार सोडतो."

"आणि छोटीत?"

"तिच्यात रुपयाही सुटत नाही."

"म्हणजे मोठी हप्त्यानं नेणाऱ्याला सत्तर हजार जास्त पडतात, आणि तुम्ही त्याला शून्य म्हणता. एवढं महागाचं शून्य मला नाही परवडायचं, साहेब. मला आपली त्रेचाळीस हजार व्याजाचीच द्या."

मॅनेजरनं छोटीचे कागद पुढे केले. आज ताईंचे दीडशे डबे जातात. त्यातला एक त्या मॅनेजरचा आहे.