दोन्ही गावांनी नाकारलेली वाळू

शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदन संवत्सर, भाद्रपद अमावास्या. सर्वपित्रीचा दिवस. पावसाळा सरत आला होता. खाडीच्या तोंडाशी तो वाळूचा पांढरा पट्टा दिसतो, त्याची हकिगत त्या सकाळी सुरू होते.

पट्टा एका जागी राहत नाही, हे आधी समजून घ्या. दर पावसाळ्यात खाडी आपलं तोंड बदलते. एखाद्या साली पट्टा उत्तरेच्या मुरवेळीला चिकटतो, एखाद्या साली दक्षिणेच्या कातळोशीला. एखाद्या साली मध्येच एकटा पडतो. ओहोटीला उघडा, उधाणाला पाण्याखाली. पुढे मोजणीवाले आले, त्यांनी हद्दीचे दगड पुरले. दगड वाळूने गिळले. एका नकाशात तो जमिनीत धरलाय, दुसऱ्यात समुद्रात. दोन्ही नकाशांवर शिक्के आहेत.

पूर्वी या पट्ट्यावरून दोन गावांत हाडवैर होतं. कालवं आणि तिसऱ्या इथे मुबलक. मुरवेळकर म्हणत, ओहोटीला होडी तरंगेल एवढं खोल पाणी जिथून वाहतं, ती शीव. कातळोशीकर म्हणत, पाण्याचा काय भरवसा, आज इथे उद्या तिथे. मुरवेळीच्या पायथ्याचा काळा कातळ हलत नाही, त्या कातळापासून सरळ समुद्राकडे बघा, ती शीव. त्या साली खोल पाणी पट्ट्याच्या दक्षिणेला गेलं होतं. म्हणजे मुरवेळीच्या हिशेबाने पट्टा मुरवेळीचा, आणि कातळोशीच्या हिशेबाने कातळोशीचा. या एवढ्या वाळूसाठी वल्ह्यांनी डोकी फुटली होती.

मुरवेळीत शब्द चाले तो हरबा तांडेलाचा. होडी त्याच्या हुकमाने निघे, त्याच्या हुकमाने परते. कडक माणूस. बोलला की बोलला. कातळोशीत तेवढंच वजन भिवा गावकराला.

त्या अमावास्येला पहाटे ओहोटी लागली, उजाडलं, आणि पट्ट्यावर माणूस पडलेला दिसला. पालथा. अंगावर फाटका सदरा, हाताला दोर गुंडाळलेला. आसपास फळ्या. आदल्या वादळात बाहेर कुठेतरी गलबत फुटलं होतं.

दोन्ही काठांवर गाव जमलं. पण वाळूवर कोणी गेलं नाही. त्याचं कारण होतं. खाडीच्या उत्तरेला एक अंमल, दक्षिणेला दुसरा. गलबत कोणाचंही असो, प्रेत ज्या गावाच्या हद्दीत लागलं त्या गावाने गलबत लुटलं, असा तेव्हाचा न्याय. वरच्या अंगाला एका गावात असं प्रेत लागलं, तर तिथले कर्ते पुरुष दोर लावून किल्ल्याच्या वेठीला नेले. त्यांतला एकही परत आला नाही. जवळ जाऊन बघायचं म्हटलं तरी वाळूत पाऊल उमटणार. पाऊल उमटलं की हद्द आपली.

हरबा पाण्याच्या कडेला आला आणि पलीकडे हाक मारली, "भिवा! घे रे तुझी वाळू! तुझ्या आज्याने कातळ दाखवत जन्म घालवला ना? हा बघ कातळ. बघ सरळ. वाळू तुमची!"

भिवाने उत्तर दिलं, "वा रे तांडेला! खोल पाण्याची शीव म्हणून तुझ्या बापाने माझ्या चुलत्याचं टाळकं फोडलं. ते खोल पाणी आज आमच्या पायाशी आहे. तुझ्या बापाचा शब्द राख. वाळू तुमची!"

लोक हसले म्हणे. दोन्हीकडचे हसले. पिढ्यान्पिढ्या 'आमची, आमची' म्हणून भांडलेली गावं त्या सकाळी 'तुमची, तुमची' म्हणून भांडत होती, आणि एकमेकांचे मुद्दे त्यांना तोंडपाठ होते. कातळोशीच्या एका म्हातारीने तर मुरवेळीच्या जुन्या पंचांची नावं घेऊन साक्ष दिली.

भरती लागली. पाणी पट्ट्याच्या कडा चाटू लागलं. तेव्हा हरबा म्हणाला, "भिवा, ऐक. भरतीला बुडतं ते समुद्राचं. ना तुमचं, ना आमचं. शपथ घेऊन मोकळे होऊ."

भिवाला ते पटलं. दोघांनी खारं पाणी ओंजळीत घेतलं. दोन्ही गावं ऐकत असताना एकाच दमात बोलले, "ही वाळू आमची नव्हे. आमच्या गावाचं पाऊल हिच्यावर पडलं, तर आमच्या होड्या समुद्राने न्याव्या." ओंजळी सोडल्या. दोन गावं एका शब्दावर आल्याचं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. कोणीतरी "शाबास" म्हणालं.

आणि वाळूवरच्या माणसाने मान उचलली.

शाबास म्हणणाऱ्याचं तोंड तसंच उघडं राहिलं, असं सांगतात. तो माणूस कोपरांवर उठला. ओरडला नाही. त्याने उत्तरेला पाहिलं, मग दक्षिणेला पाहिलं. माणसं उभी आहेत, दोन्हीकडे उभी आहेत, हे त्याला दिसलं. मग तो वाट बघत राहिला. माणसं दिसल्यावर आणखी काय करायचं असतं?

हरबाच्या आणि त्याच्या मध्ये कमरेएवढं पाणी होतं. हरबाचा एक पाय पाण्यात गेला. ओंजळीतलं खारं पाणी अजून त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. त्याने पलीकडे भिवाकडे पाहिलं. भिवा त्याच्याकडेच पाहत होता. आधी तू शपथ मोड, मग मी मोडतो, असं दोघांच्या मनात. कोणीच मोडली नाही. अमावास्येचं उधाण ते. चढायला लागलं की थांबत नाही. पाणी त्या माणसाच्या छातीला लागलं. तेव्हा त्याने एक हात वर केला. हाताचा दोर सुटून पाण्यावर तरंगला. मग पट्टा दिसेना, आणि तोही दिसेना.

कोण, कुठला, हे आजवर कळलेलं नाही.

हरबा घरी आला. त्याची बायको येसू हिने पितरांचा स्वयंपाक केला होता. पत्रावळीवर भात-वडे वाढून परसात ठेवले होते. तिने विचारलं, "कोणाचा होता तो?"

"कोणाचा नव्हता."

"आईबापावाचून जन्मला?"

दुपार कलली. पत्रावळीला कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, खाली येत नव्हते. येसूने हात जोडून एकेका पितराचं नाव घेतलं, काय राहिलं असेल ते करू म्हणाली. कावळे हलले नाहीत. शेजारी तेच. घरोघरी तेच. पलीकडे कातळोशीतही तेच, असं होडीवाल्याने येऊन सांगितलं. दोन गावांत त्या दिवशी एकाही पत्रावळीला कावळा शिवला नाही. माणसं एकमेकांच्या परसात डोकावत आणि परत फिरत.

हरबाने आपली पत्रावळ उचलली. तो काठावर गेला, ती कातळावर ठेवली आणि पाण्याकडे तोंड करून मोठ्याने बोलला, "तुझा जीव माझ्याकडे राहिला आहे. या वाळूवरून एक जीव जिवंत काढीन. तोवर मुरवेळीत पाऊल ठेवणार नाही, मुरवेळीचं पाणी पिणार नाही. आजपासून मी मुरवेळीचा नव्हे, कोणाचाच नव्हे. म्हणून शपथ मला लागत नाही."

हात काढतो न काढतो तोच कावळा पत्रावळीवर आला. मग गावावर कावळेच कावळे झाले.

हरबाने पट्ट्यावर माडाचे सोट रोवून माच उभारला आणि वर झापांची खोप केली. पावसाळ्यात पट्टा सरके, तो माच उपटून पट्ट्यामागे जाई. लोक चेष्टा करत. समुद्राने घरजावई केला, म्हणत. येसू ओहोटीला भाकरी आणि कातळोशीच्या विहिरीचं पाणी घेऊन येई. मुरवेळीची असल्यामुळे तिला वाळूवर पाय ठेवता येत नव्हता. ती पाण्यात उभी राही, तो पाण्यात उतरून घेई.

"तांडेल होतास," ती एकदा म्हणाली, "आता बगळा झालास."

"भाकरी दे."

"मी मेले की कोण देईल?"

"तू मरू नकोस."

समुद्राने त्याला काही कमी दिलं नाही. प्रेतं दिली. हरबा त्यांना वाळूतच अग्नी देई, पण त्यांनी फेड होत नव्हती. जिवंत माणूस एकही आलं नाही. त्याचे केस पांढरे झाले, गुडघे गेले. कातळोशीत भिवा गावकर मेला. जाताना वाळूकडे तोंड करून बसवा म्हणाला, असं ऐकतो.

मग एका कार्तिकात भर सकाळी वारा फिरला. मिठाने भरलेली एक लांबची होडी खाडीच्या तोंडाशी आली, लाटेवर उलटली आणि पट्ट्याच्या टोकाला येऊन रुतली. होडीतला पुरुष वाहून गेला. बाई होडीखाली अडकली. तिचा पाय होडीच्या काठाखाली, डोकं बाहेर. भरती चढत होती.

हरबा माचावरून उतरला, धावला, पडला, पुन्हा उठला. त्याने पाठीवर होडी घेऊन पाहिली. मिठाची भिजलेली पोती, होडी तसूभर हलली नाही. त्याने बाईचं डोकं मांडीवर धरलं आणि मुरवेळीकडे तोंड करून हाक मारली. मग कातळोशीकडे हाक मारली.

दोन्ही काठांवर गाव जमलं. पुन्हा तसंच. म्हाताऱ्यांनी ते ओळखलं आणि त्यांचे चेहरे उतरले. पण शपथ होती. होड्या गेल्या तर खायचं काय? जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला. पाणी बाईच्या हनुवटीला लागलं. आपली हाक कोणी ऐकत नाही, माणसं दिसतात आणि हलत नाहीत, ही गोष्ट हरबाने तेव्हा वाळूवरून पाहिली. तो हाक मारायचा थांबला.

येसू पाण्यात शिरली. म्हातारी झाली होती, कंबर वाकली होती. मागून पुतण्या ओरडला, "काकी, होड्या जातील!"

"जाऊ देत मेल्या!" ती म्हणाली. "चालत धरा मासे!"

ओढ जबर होती. ती वाहून जाणार तेवढ्यात त्याच पुतण्याने तिचा हात धरला. त्याचा हात दुसऱ्याने धरला. पलीकडून कातळोशीकरही तसेच हाताला हात देत उतरले. वाळूवर आधी पाय येसूचा पडला. कोणीतरी मागून घाबरून ओरडलं, "कोणाची गो ती बाई?"

येसू म्हणाली, "आमची!"

त्याच वेळी कातळोशीच्या बाजूनेही तोच शब्द आला. दोन गावांच्या खांद्यांनी होडी उचलली. बाई खोकली, पाणी ओकली, आणि श्वास घेऊ लागली. तिचं गाव, जात, अंमल, कोणी विचारलं नाही. त्या साली दोन्ही गावांची एकही होडी समुद्राने नेली नाही म्हणे.

आजही सर्वपित्रीला सकाळच्या ओहोटीत दोन्ही गावं हाताला हात धरून पाण्यात उतरतात. दोन साखळ्या वाळूवर एकमेकींना भेटल्या की सगळे एकदम 'आमची' म्हणतात आणि एक पत्रावळ तिथे ठेवतात. ती कोणाच्या नावाने ठेवली, हे बोलायचं नाही. त्या वाळूवर समुद्रातून कोणी आलं, तर त्याला 'कुठला' म्हणून विचारायचं नाही.

होडी उचलली त्या सकाळी हरबाने बाईला येसूच्या हाती दिलं, तो मुरवेळीचा काठ चढला, आपल्या विहिरीवर गेला आणि पोहरा ओढून पोटभर पाणी प्याला.