सशाची अंघोळ

"ससा गेला म्हणजे तरी ती माणसांत येईल, नाही का?"

स्वयंपाकघराच्या दाराआडून सासऱ्यांचा आवाज आला. मी हातातली बादली तिथेच ठेवली. सासूबाईंचं उत्तर भांड्यांच्या आवाजात बुडालं.

माझी लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती. माहेरून आणलेल्या सामानात जिवंत असं एकच होतं. बत्तासा, माझा पांढरा ससा.

सासरी दोघांचीच अंघोळ कधी चुकत नसे, देवांची आणि बत्ताशाची. तो देवघराजवळून उड्या मारत जायचा, म्हणून रोज साबण. त्यात एका सकाळी सासूबाईंनी त्याला वाकून स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना पाहिलं. तेव्हापासून त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची रुंद पट्टी आली, तोंड मागे वळू नये म्हणून. वर शुद्ध आहार हवा, म्हणून नैवेद्याचा दूधभात.

त्याचं अंग लाल झालं. कोंडा सुटला. तो सारखा खाजवायचा.

मग पोट टणक झालं. मग त्यानं खाणंच सोडलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "अंघोळीनं कातडी सोलवटलीय, ती बंद करा. दूधभात नको, गवत द्या. आणि ती पट्टी काढा. त्या मऊ लेंड्या त्याच्या पोटाला हव्या असतात, त्यांच्यावाचून त्याचं पचन चालत नाही. आता तरी चालेल का, सांगता येत नाही."

मी ते जसंच्या तसं घरी सांगितलं.

"डॉक्टर जनावरांचा," सासरे म्हणाले. "त्याला सोवळं कोण शिकवणार?"

माझे यजमान हसले. माझ्याकडे पाहिल्यावर हसायचे थांबले. त्यांच्याकडून एवढंच झालं.

शेवटी सासऱ्यांच्या गुरूंना, महाराजांना विचारायचं ठरलं.

नदीकाठच्या मठात महाराज एकटेच ओट्यावर बसले होते. गार वारा सुटला होता. मी बत्ताशाची टोपली घेऊन सासूबाईंशेजारी खाली बसले.

"महाराज," सासऱ्यांनी हात जोडले, "आपण शिकवलीत तशी कडक शुद्धता आहे घरात. हे जनावर मात्र आपलीच घाण खातं. याला शुद्ध कसं करावं?"

महाराज टोपलीत बघत राहिले.

"अंघोळ केलीस, भार्गवा?"

"पहाटेच केली."

"पुन्हा करून ये."

सासरे नदीवर गेले. ओलेत्यानं परत आले.

"पुन्हा."

...

तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. बोटं सुरकुतली होती. ते नकळत दंड खाजवत होते. सासूबाईंनी पंचा पुढे केला. महाराजांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"अजून काय घाण राहिली, महाराज?"

"मला तर पहिल्यापासूनच दिसली नव्हती."

सासऱ्यांनी टोपलीत पाहिलं.

टोपलीत बत्तासा एका कुशीवर पडला होता. श्वास चालू होता, पण नुसता वरवर. मी त्याच्या पोटावर हात ठेवला. आत काहीच हलत नव्हतं.

"जगेल का हा?" सासऱ्यांनी विचारलं. कुडकुडल्यामुळे असेल, आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"मला सशातलं काही कळत नाही," महाराज म्हणाले. "तिला विचार."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

मी पुठ्ठ्याची पट्टी सोडली. तिच्याखाली मानेवर केस उरले नव्हते.

बत्तासा तसाच पडून राहिला...

मग त्यानं मान मागे वळवली. तोंड पोचलं नाही. तो कलंडला.

"संपलं गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि ते खोटं नव्हतं.

मी वर पाहिलं नाही.

टोपलीत खसखस झाली. तो पुढच्या पायांवर उठला होता. सगळं अंग थरथरत होतं. तो वाकला, आणखी वाकला, आणि त्याचं तोंड शेपटीखाली गेलं.

"शी," सासरे पुढे झाले. सासूबाईंचा हातही सवयीनं पट्टीकडे गेला.

महाराज माझ्याकडेच बघत होते.

"कुणी हात लावू नका," मी म्हणाले. "जेवू द्या त्याला."