आसरेला दिलेलं यमक

एक होतं गाव, खडकाळी त्याचं नाव. गावात विहीर एकच, आणि त्या विहिरीत राहायची एक आसरा. आसरा म्हणजे पाण्यातली बाई, बरं का. केस हिरवे, पाय उलटे, आणि गाण्याची हौस भारी. ए, पांघरूण एकटीच ओढू नकोस, त्यालाही दे.

तेव्हा पाणी मोटेनं काढायचे. मोट म्हणजे चामड्याची ही एवढी पिशवी. तिला नाडा बांधायचा, नाडा बैलांना. बैल उतारावरून चालले की मोट वर यायची आणि थारोळ्यात भडाभडा रिकामी व्हायची. मोटकरी नाड्यावर बसून गाणं म्हणायचा. बैल उतरेपर्यंत ओळ म्हणायची, आणि मोट वर आली की शेवटचं अक्षर धरून ठेवायचं, सारं पाणी सांडेपर्यंत.

आता त्या गावची रीत ऐका. दर वर्षी मार्गशीर्षात पहिली मोट लागायची. त्याच्या आठ दिवस आधी आसरा खालून एक ओळ म्हणायची. मग गावानं तीन मोटांना तीन ओळी जुळवून द्यायच्या. यमक जुळायला हवं, शेवटचं अक्षर लांबवता यायला हवं, आणि शब्द पूर्वी कधी दिलेला नको. ओळीच्या शेवटी जे येईल ते आसरेचं. ते गावातून जायचं. आणि ओळ जुळली नाही, तर नाड्यावरचा माणूस खाली जायचा.

तुम्ही म्हणाल, दगड द्यावा. पण दगड म्हटलं की आवाज तिथेच अडतो, लांबवणार काय? खडा, काटा, पाचोळा असले हलके शब्द पणजोबांनीच देऊन संपवले होते. मग जड शब्दांवर पाळी आली. एकानं कावळा दिला. तेव्हापासून पिंडाला शिवायला कावळा नाही, गावातले मेलेले सगळे ताटकळत बसलेले. एकानं छाया दिली. झाडं राहिली, सावली गेली. एकानं गाऱ्हाणी दिली. मग सासरी मार खाऊन आलेल्या पोरी आईसमोर नुसत्या बसून राहायच्या, तोंडातून शब्द निघायचा नाही. पाटलाला मात्र तेव्हापासून फार निवांत झोप लागायची.

त्या गावात ठकू नावाची बाई होती. तिचा नवरा येसबा मोटकरी. गळा असा की बैलसुद्धा त्याच्या तालावर पाय टाकायचे. एका वर्षी आसरेची ओळ 'माया'वर संपली. येसबानं तिसऱ्या मोटेला पडक्या देवळाचा पाया द्यायचं ठरवलं होतं. चांगलं ठरलं होतं, घरात बोलणंही झालं होतं. पण आयत्या वेळी त्याला त्याहून गोड काहीतरी सुचलं, आणि त्यानं म्हणून टाकलं, 'घे गं माझी काया.' यमक चोख जुळलं. अक्षर लांबलंही छान. मोट रिकामी झाली, आणि नाड्यावर नुसतं मुंडासं राहिलं.

ठकू खूप रडली. तिला रागही आला. एका यमकापुढे या माणसाला बायको दिसली नाही, पोरगं दिसलं नाही, असं ती येईल त्याला सांगायची.

मग नाड्यावर त्यांचा मुलगा भिवा बसायला लागला. ओळी ठकू रचायची आणि विहिरीच्या काठाशी उभी राहून स्वतः म्हणायची. वर्षं गेली. भिवाचं लग्न झालं, पाळणा हलला. आणि त्या वर्षी आसरेची ओळ आली,

'सात थरांच्या खाली गं, बसले मी राणी.'

ठकू जात्यावर बसली की 'आणी, आणी' पुटपुटायची. पीठ सांडायचं, लक्ष नसायचं. आठ दिवसांत तिला दोन यमकं सापडली. तिसरं काही सापडेना. 'पाणी' देऊन कसं चालेल? 'बियाणी' म्हटलं तर पाटील दारात आला.

"ठकू, बियाण्याला हात लावायचा न्हाई. तुझा एक माणूस जाईल, हितं गाव उपाशी मरंल."

'वाणी' दिली तर सगळं गाव मुकं होणार. उरला एकच शब्द. तो तिला पहिल्या दिवशीच सुचला होता. तेव्हापासून ती त्याच्याकडे पाठ फिरवून बसली होती.

मोटेचा दिवस उजाडला. भिवा नाड्यावर बसला. सून पोराला कडेवर घेऊन लांब उभी. पहिली मोट निघाली. ठकूनं म्हटलं,

'घे गं पान थुंकायला, पाटलाची पिकदाणी.'

पाटलाच्या हातातली पितळी पिकदाणी गेली. त्याचे गाल फुगलेले, थुंकायला जागा नाही. हसू नका, गावातलंही कुणी हसलं नाही.

दुसरी मोट निघाली. ठकूच्या हातात येसबाचं मुंडासं होतं. रोज उशाशी घ्यायची ती ते.

'घे गं माझ्या धन्याची, एवढी एक निशाणी.'

मुंडासं गेलं. तिची बोटं नुसती मिटलेली राहिली.

मग तिसरी मोट निघाली. बैल उतरायला लागले, ठकूच्या तोंडून शब्द निघेना. नाडा थरथरला. भिवाचा एक पाय काठाच्या आत ओढला गेला.

"आये, माझ्या पोराकडं बघ," तो म्हणाला.

तिनं पोराकडे बघितलं, आणि डोळे मिटून म्हटलं,

'घे गं माझ्या गावाची, सारी सारी गाणी.'

शेवटची ई तिनं धरली, धरली, शेवटचा थेंब सांडेपर्यंत धरली. ते तिचं शेवटचं गाणं. तिच्या आईच्या ओव्या गेल्या, लग्नातली गाणी गेली, पाळणे गेले. येसबाची गाणी तेवढी तिच्या गळ्यात राहिली होती, तीही गेली.

भिवा वाचला. आसरा त्या गाण्यांना कान लावून बसली ती अजून बसलीय. सगळी ऐकून व्हायची आहेत, त्यामुळे तिनं परत कधी काही मागितलं नाही. विहीर भरून वाहिली, शेतं पिकली, माणसं पोटभर जेवली आणि सुखानं राहिली. पण जाती मुकी फिरायची, मोटा मुक्या चालायच्या.

आणि ठकूचा नातू रडायला लागला की ती पाळण्याची दोरी धरून तोंड उघडायची. नुसता वारा यायचा. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस असंच झालं. पोर रडून रडून निळं पडलं. शेवटी तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि बोलायला लागली, "एकदा काय झालं, एक विहीर होती..." पोर गप्प झालं. ऐकता ऐकता झोपलं.

तो नातू म्हणजे माझे आजोबा, बरं का. आमच्या घरात अंगाई कुणालाच येत नाही, मलासुद्धा नाही. म्हणून हे असं बोलत बसायचं, तुमचे डोळे लागेपर्यंत. चला, कूस बदला. मी आहे इथेच.