मेंढरांविना कुत्रं

हिरडशी संस्थानच्या महाराजांनी विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टर रांगणेकरांना वेड्यांच्या इस्पितळावर नेमलं. डॉक्टरांनी वेड ओळखायचे तिकडचे प्रश्न जसेच्या तसे मराठीत उतरवले आणि जो 'हो' म्हणेल त्याला कोठडीत धाडायला सुरुवात केली. त्यात घोंगड्या विकायला आलेला सिदू धनगर सापडला. महाराजांसमोरच तपासणी झाली.

"समोर नसलेल्या माणसाशी बोलतोस?"

"बोलतो की. बा मेला, पर त्याला इचारल्याबिगर वाट धरत न्हाई."

"रात्री दचकून उठतोस?"

"लांडगं असत्यात न्हवं!"

"ठार वेडा!" डॉक्टर म्हणाले.

महाराज गोंधळले. याच प्रश्नांनी काल देवळातल्या पुजाऱ्यालाही वेडं ठरवलं होतं. आता शहाणं कोण उरलं, हेच त्यांना कळेना.

तेवढ्यात सिदूची बायको हौसाक्का पुढं आली. "म्हाराज, आमच्या तळावरचं दोन प्रश्न सायबास्नी इचारू?"

महाराजांनी मान डोलावली.

"सायेब, रातीला एकलंच, आतनं कडी लावून निजता?"

"अर्थात!"

"मेंढरं न्हाईत, तरी कुत्रं घिऊन हिंडता?"

"रोज संध्याकाळी. त्यात काय?"

हौसाक्का हळहळली. "म्हाराज, आमच्यात अशा माणसाला एकलं सोडत न्हाईत. दोघांस्नी एकाच कोठडीत ठेवा. माझा धनी सांभाळील त्यास्नी."

महाराजांनी सिदूला सोडलं आणि डॉक्टरांना नवे प्रश्न शोधायला धनगरांच्या तळावर पाठवलं. उघड्यावर, माणसांच्या गर्दीत झोपायची सवय व्हायला डॉक्टरांना बरेच दिवस लागले. त्यांचं कुत्रं मात्र पहिल्याच सकाळी मेंढरांमागं धावलं.